चिमणचा दम

रिक्षात भार्गवराव धापा टाकत होते. त्यांची छाती ठणठणीत होती. दम लागला होता मांडीवरच्या खोक्यातल्या गिनीपिगला, चिमणला. मनगटावर बांधलेल्या, प्राण्याला होणारा त्रास माणसाला जाणवून देणाऱ्या पट्टीमुळे त्याचा श्वास त्यांना स्वतःच्या छातीत जाणवत होता.

“अहो, काढा ती पट्टी!” कुमुदबाई रडकुंडीला आल्या.

“हा प्राणी दुखणं लपवतो, कुमुद. पट्टी काढली तर कळणार कसं?”

दवाखान्यात डॉक्टरांनी चिमणला प्राणवायूच्या पेटीत ठेवलं. त्याच्या कुशी भात्यासारख्या हलत होत्या. भार्गवरावांना घाम फुटला. कुमुदबाई पट्टी ओढायला धावल्या, तर भार्गवरावांनी त्यांचा हात घट्ट धरला.

हळूहळू ती पकड सैल झाली आणि भार्गवरावांनी छाती भरून श्वास घेतला.

डॉक्टरांनी पेटीवरून मान वर करण्याआधीच कुमुदबाई मटकन बाकावर बसल्या आणि रडू लागल्या. चिमण वाचला होता.