तीन दिवसांचं जेवण

लज़हरने पिकअप भरधाव सोडली होती. मागे रव्याची बारा पोती, वर कांदे. शेजारी बूबकर.

"हळू, भाऊ. लग्नाला निघालोय का आपण?"

"पन्नाशी उलटली माझी. इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं," लज़हर हसला. "आणि डोंगरावर लपलेले तुमचे लोक उपाशी बसलेत ना? मग?"

त्याची बायको झोहरा हिला जाऊन दीड महिना झाला होता. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. कासरीन शहरात अशा वेळी नातेवाईक, शेजारी रव्याच्या कुसकुसची परात घेऊन येतात. लज़हरच्या दारात संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. झोहराचे भाऊ जमिनीवरून रुसलेले, गल्ली त्यांच्या बाजूची. मग बूबकर आला, मशिदीतली चार माणसं घेऊन. तिन्ही दिवस परात त्यांनीच आणली. त्याच्याबरोबर जेवले, त्याच्याबरोबर रडले. या देशात कोण कोण वाईट आहे, तेही मग त्यांनीच सांगितलं.

पोलीस नाका दिसला. बूबकरचा हात जाकिटात गेला.

पुढे आला तो हातिम, झोहराचा भाचा. खिडकीशी येऊन त्याने टोपी काढली.

"काका, मी मातीला आलो नाही. बाबांनी शपथ घातली होती."

"आता आठवली आत्या?"

हातिमने टोपी परत डोक्यावर ठेवली. त्याने विचारलं, "मागे काय आहे?"

"रवा. तुझ्या आत्याच्या नावानं गरिबांना वाटायचाय. फोडून बघतोस पोती? बघ ना!"

हातिमने मान खाली घातली आणि रस्त्यावरचा आडवा दांडा वर केला.

वळण गेल्यावर लज़हर ओरडलाच. स्टिअरिंगवर थापा मारल्या, हॉर्न वाजवला. बूबकरने पुढे वाकून त्याचं कपाळ चुंबलं.

"सिंह आहेस तू! पोलीस घाबरला तुला."

"घाबरला कसला, लाजला!"

"आज वर सगळ्यांना तुझं नाव सांगणार मी. लज़हर आमचा भाऊ आहे म्हणून."

लज़हरचे कान लाल झाले. असं त्याच्याबद्दल कधी कोणी बोललं नव्हतं.

"एकच सांग," बूबकर म्हणाला. "हा नाक्यावर एकटा कधी असतो?"

गाडी थोडी हळू झाली. लज़हरने बूबकरकडे पाहिलं. तो अजून हसत होता, वाट बघत होता.

"शुक्रवारी," लज़हर म्हणाला. मग न विचारताच भराभर सांगू लागला, "दुपारी एकला. जोडीदार नमाजाला जातो. हा बंदूक भिंतीला टेकवतो आणि रस्त्याकडे पाठ करून जेवायला बसतो."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? भावांना चोरून झोहरा त्याला डबा पाठवायची. मीच तर नेऊन द्यायचो!"