तांडेलाची जबानी

"वाटाड्या प्यालेला होता का?" कारकुनानं विचारलं आणि टाक दौतीत बुडवला.

टोबायस हॅलेटला उत्तर पाठ होतं. सकाळीच दाराबाहेर कप्तान ॲम्ब्रोज पाइकनं ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं. होय, प्यालेला होता. तोंडाला वास मारत होता. एवढं बोललं की थेम्सच्या मुखाशी 'मार्गरेट' जहाज वाळूत रुतून फुटलं त्याचा सगळा दोष वाटाड्या जोसाया क्राउचवर जाणार होता. क्राउच जहाजाबरोबरच बुडाला होता. मेलेल्या माणसाला कोण तुरुंगात टाकणार? दोष कप्तानावर आला असता, तर ज्याच्या मनुका समुद्रात गेल्या तो व्यापारी ॲम्ब्रोजला मार्शल्सीच्या तुरुंगात सडवल्याशिवाय राहिला नसता.

दर्यावरच्या दाव्यांच्या या न्यायालयाची रीतच न्यारी. शपथ न्यायाधीशासमोर बायबलवर हात ठेवून घ्यायची, आणि साक्ष मात्र बंद खोलीत एका कारकुनापुढे द्यायची. ऐकायला तिसरं कोणी नाही. खोटं बोलायला इतकी सोयीची जागा सगळ्या लंडनात सापडली नसती.

"तांडेल, डोळा लागला की काय?" कारकून म्हणाला. "अजून दोघांच्या जबान्या घ्यायच्यात मला."

टोबायस टोपी चुरगळत बसला होता. राजा आणि पार्लमेंट यांची जुंपली त्या साली ॲम्ब्रोजचा बाप दर्यावर वारला. तेव्हापासून पोराला टोबायसनंच वाढवलं. दोराच्या गाठी शिकवल्या, वारा ओळखायला शिकवलं, तापात मांडीवर घेऊन बसला. पोरगा कप्तान झाला, त्यालाच हुकूम सोडू लागला, तरी एकट्यात 'काका'च म्हणायचा. आज सकाळीही म्हणाला होता, "काका, एवढं एकच मागतो. क्राउचला आता काय फरक पडतो?"

फरक क्राउचच्या बायकोला पडत होता. गावात तिला आता दारुड्याची बायको म्हणत होते. तिच्या थोरल्यालाही वाटाड्याच्या कामावर कोणी उभं करत नव्हतं.

"नव्हता प्यालेला," टोबायस म्हणाला.

टाक थांबला. "तुम्हाला कप्तानानंच आणलंय ना साक्षीला?"

"त्यानंच आणलंय. तुम्ही लिहा. क्राउचची दाढ सुजली होती. दिवसभर पाण्याचा घोट तोंडात धरवत नव्हता त्याला, बिअर कुठली पितोय! धुकं उतरलं तसा तोच ओरडला, नांगर टाका. कप्तान म्हणाला, ओहोटी लागायच्या आत पुढं काढा. मी नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला, दोरीला बांधलेलं शिसं सोडून खोली बघत होतो. पाणी उथळ होत चाललंय, असं मीही ओरडून सांगितलं. क्राउचनं पुन्हा विनवलं. कप्तान त्याला म्हणाला, भित्रा कुठला. मग जहाज टेकलं."

आपण आपल्या हातानं पोराला पाण्यात लोटतोय, असं टोबायसला वाटलं. आणि ते खरंच होतं. दाराबाहेर ॲम्ब्रोजच्या बुटांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.

कारकुनानं सगळं लिहून घेतलं. मग विरुद्ध बाजूनं, म्हणजे व्यापाऱ्यानं, धाडलेले प्रश्न काढले. त्यांतला शेवटचा प्रश्न दर दाव्यात तोच असे. साक्षीदार कोणाकडे झुकलाय हे पकडायला तो घातलेला. पण वॉपिंगपासून डेटफर्डपर्यंतच्या एकूण एक खलाशाला त्याचं साळसूद उत्तर तोंडपाठ होतं. कारकुनालाही होतं. म्हणून तो प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर लिहून मोकळा होई.

"तुमच्या हाती असतं, तर या दाव्यात तुम्ही कोणाला जिंकवलं असतं?" त्यानं घाईघाईत वाचलं, ओल्या शाईवर वाळू भुरभुरवली आणि कागद पुढे सरकवला. "झालं. इथं खाली निशाणी करा."

टोबायसला लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी तो नांगर काढत असे. त्यानं टाक घेतला, पण कागदाला लावला नाही.

"मी अजून उत्तर दिलं नाही. काय लिहिलंत?"

"ज्याची बाजू खरी, त्याचा जय व्हावा." कारकुनानं वर पाहिलं. "सगळे हेच सांगतात हो, तांडेल. आणि तुम्ही तर आत्ताच..."

"खोडा ते," टोबायस म्हणाला. "शपथेवर आहे मी. माझ्या हाती असतं, तर माझा ॲम्ब्रोज जिंकला असता."