बिनपगारी राजा

“राजाला पगार किती?” कादिरने विचारले.

“काही नाही,” नसरुद्दीन म्हणाला. “आणि साहेबाने बोलावले की पहिला जाणार तो.”

एवढ्या खुलाशाने अर्ध्या तासापूर्वीचे सात उमेदवार शून्यावर आले. तोवर रत्नागिरीकरांना साताऱ्याचा राजा चालत नव्हता, सातारकरांना कोकणचा. पहिला मान कोणाचा यावर दोन वेळा आवाज चढला होता. आता प्रत्येकाला दुसऱ्याची थोरवी दिसू लागली. कादिरला आपला रक्तदाब आठवला. वैभव वेल्डरने आपले वय कमी असल्याची कबुली दिली; एरवी तो ती देत नसे.

दम्मामच्या कॅम्पमधल्या त्या खोलीत शुक्रवारच्या दुपारी अकरा माणसे होती. सौदीकरणाच्या नव्या नियमांत त्यांची कंपनी लाल पट्ट्यात गेली होती: परदेशी फार, सौदी थोडे. अशा कंपनीतल्या कामगाराला जुन्या कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, संमतीवाचून दुसरीकडे नोकरी धरण्याची मुभा कायद्यानेच दिली होती. कंपनीने त्या मुभेवर उपाय काढला. तो म्हणजे एक कागद. खाली सही करणारा स्वेच्छेने कायमचा मायदेशी जात आहे, असे त्यावर छापलेले होते. एकेकाला एकट्याने आत बोलावत आणि बाकीच्यांनी सह्या केल्याचे सांगत. स्वेच्छा या शब्दाची अशी विटंबना करायला साम्राज्यच लागते असे नाही. एक प्रिंटर पुरतो.

नसरुद्दीन श्रीवर्धनचा. इतिहासाचा एम.ए., वसाहतींतल्या जमीनखरेदीवरचा प्रबंध अर्धा लिहिलेला, आणि गेली अठरा वर्षे कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून देणारा. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याचा राग कधी भडकत नसे. तळटीपांसह येणारे राग भडकत नाहीत.

“न्यूझीलंडच्या माओरींचे हेच झाले,” त्याने सांगितले होते. “सरकारी खरेदीदार एकेका सरदाराला गाठायचा. त्याने सही केली की सगळ्यांची जमीन गेली. मग त्यांच्यातल्या काही शहाण्यांनी ठरवले, एक राजा करू. जमिनी त्याच्या छायेखाली ठेवू. म्हणजे कोणी विचारले तर एकट्याला म्हणता येईल, हे माझ्या एकट्याचे नाही. राजा शोधत ते वर्षानुवर्षे हिंडले. ज्याला विचारावे तो नको म्हणे. शेवटी वाइकाटोचा सरदार ते-फेरोफेरो, म्हातारा झालेला, नको नको म्हणत तयार झाला. अठराशे अठ्ठावन्न.”

“मग जमिनी राहिल्या का?” वैभवने विचारले.

“पाच वर्षांनी सरकारने फौज घातली.”

“म्हणजे सह्या घेऊन भागलं नाही.”

“हो. निदान त्यांना कबूल तरी करावे लागले की आपण विकत घेत नाही, लुटतो आहोत.”

खोलीत या समाधानाचे मोल फारसे कोणाला कळले नाही. पण बेत पटला. उद्यापासून आत गेलेल्याने एवढेच म्हणायचे: माझी सही मुकादमाकडे आहे. राजा हा शब्द या देशात उच्चारायचा नाही, मुकादमच म्हणायचे, यावर तर विनाचर्चा एकमत झाले.

“केरूनाना,” कादिर म्हणाला, “तुम्हीच व्हा. सगळ्यांत थोरले तुम्ही.”

पाटणचा केरू खाटेच्या टोकाला बसला होता. अठ्ठावीस वर्षे त्याने पाइप जोडले होते.

“मला नका करू,” तो म्हणाला.

“तो म्हातारापण असंच म्हणत होता,” वैभव हसला.

“म्या मंगळवारीच सही केली.”



“का, नाना?” कादिरने हळू विचारले.

“साहेबानं खुर्ची दिली. चहा दिला. इतक्या वर्षांत हापिसात बसा कुणी म्हणालं नव्हतं. पिऊन झाल्यावर नाही कसं म्हणायचं, ते सुचलं न्हाई.”

कोणी शिवी दिली नाही. ती द्यायची तर आधी स्वतःला खात्री हवी होती की आपण तो चहा नाकारला असता.

नसरुद्दीनने चष्मा पुसला. “मग हाच योग्य,” तो म्हणाला. “ज्याच्याकडून घेण्यासारखे काही उरले नाही, त्याला कशाची धमकी देणार?” इतिहासाने त्याला दिलेला हा पहिला उपयोगी सिद्धांत होता, आणि तो त्यावर किंचित खूषही झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैभव आत गेला आणि म्हणाला, सही मुकादमाकडे आहे. मग कादिर. मग आणखी चौघे. दहाच्या सुमारास केरूला बोलावणे आले. दुभाषा म्हणून नसरुद्दीन बरोबर गेला.

मेजामागे नबील होता. सौदीकरणात लागलेला, नोकरीला तीन आठवडे झालेला, कपाळावर घाम. त्याला मॅनेजरने शिकवून पाठवले होते. त्याने ड्रॉवरमधून केरूचा कागद काढला, तो दोन्ही हातांत आडवा धरला आणि अरबीत सावकाश बोलला.

 नसरुद्दीनचा सिद्धांत एक रात्रच टिकला होता. भाषांतर चुकवावे असा विचार त्याच्या मनात आला. अशी इच्छा त्याला आयुष्यात प्रथमच झाली होती.

“तो म्हणतो, नाना, तुमचा कागद तो आत्ता फाडतो. तुम्ही राहा. फक्त त्या दहाजणांना सह्या करायला सांगा.”

केरूने आपल्या अंगठ्याएवढ्या सहीकडे पाहिले.

“फाडू नको म्हणावं,” तो म्हणाला. “ती माझी होती, म्हणून देऊन बसलो. त्या दहा माझ्या न्हाईत.”