सुट्टीचे थेंब

कालिंदी शिर्के महिन्यात दुसऱ्यांदा सुट्टीचे थेंब घ्यायला आल्या, तेव्हा शोभेच्या माशांच्या दुकानातल्या रशीदभाईंनी बाटली पुढे केली नाही.

"वहिनी, पुन्हा गावाला?"

"नाही हो. घरीच असते मी."

पाण्यात दोन थेंब टाकले की मासे पंधरा दिवस गाढ झोपत. भूक नाही, वाढ नाही. लोक बिनघोर फिरायला जात. गेल्या वर्षी दापोलीला निघताना त्यांचे यजमान शिर्के यांनीही आपल्या चार गोल्डफिशना असंच झोपवलं होतं. तिथे शिर्के हृदयविकाराने गेले आणि कालिंदीबाई एकट्या परतल्या. तेव्हापासून त्यांनी माशांना उठवलंच नव्हतं.

"त्यांना फक्त यांच्या हातून खायची सवय," त्या म्हणाल्या. "हे दिसले नाहीत तर उपाशी राहतील. मला ते बघवणार नाही."

रशीदभाईंनी बाटली कपाटात ठेवून दिली. मग खाद्याची पुडी काढली. "एकदा उठवून तर बघा."

घरी येऊन कालिंदीबाईंनी टाकीतलं पाणी बदललं. तासाभराने शेपट्या हलू लागल्या. त्यांनी चिमूटभर खाद्य घेऊन बोटं पाण्यात धरली. चारही मासे सरळ वर आले आणि बोटांना तोंडं लावून खाऊ लागले. एकानेही इकडेतिकडे पाहिलं नाही.

कालिंदीबाईंना क्षणभर त्यांचा रागच आला. मग त्यांनी आणखी एक चिमूट घेतली.