चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या

"तिकडे नको जाऊस, ती रांग पाहुण्यांची," ओरेस्ते म्हणाले आणि सुनेच्या कोपराला धरून तिला रस्त्याच्या पलीकडे घेऊन गेले.

मागे भिंतीतल्या एका लहान खिडकीसमोर वीस-बावीस माणसं फोटोसाठी ताटकळत होती. इकडे कठड्यापाशी चिटपाखरू नव्हतं. खाली कालवा वाहत होता, गेरूच्या रंगाच्या घरांच्या पाठींना चिकटून. कुणीतरी वाळत घातलेली चादर पाण्यात उलटी दिसत होती.

"बाबा, कालवा तोच?"

"तोच. तिकडे चौकट आहे, म्हणून गर्दी. लोकांना चौकटीतलंच आवडतं."

नीवेसला हसू आलं. मग ती कशासाठी आली आहे ते आठवलं आणि हसू विरलं.

इथून, बोलोन्याहून, ओरेस्तेंच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या दिर्चेबाईंचे दोन फोन येऊन गेले होते. 'तुमचे सासरे सकाळी आठला निघतात, कुठे ते सांगत नाहीत. जिन्यात एकटेच बडबडतात. विचारलं तर अंगावर येतात.' नीवेसचा नवरा इवानो घाबरला. त्रिएस्तेत, या दोघांच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होत होती. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. 'तू एक दिवस त्यांच्याबरोबर राहा,' तो म्हणाला होता, 'तुला कळेल.' नीवेस रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायची. नीट पाहिल्याशिवाय ती कशावरच शिक्का मारत नसे.

आतापर्यंत चौऱ्याहत्तर वर्षांच्या या माणसाचं एकही वळण चुकलं नव्हतं.

पुढच्या रस्त्यावर एका जुन्या घराच्या लाकडी छताखाली त्यांनी तिला थांबवलं. "वर बघ. तीन बाण आहेत. शोध."

मान दुखेपर्यंत तिनं शोधलं. दोन सापडले.

"दोनच? त्रिएस्तेत चष्मे मिळत नाहीत वाटतं?"

"तुम्हीच दाखवा मग."

त्यांनी तुळयांच्या अंधाराकडे बोट केलं. "तिरंदाज कुणाला तरी मारायला आले होते म्हणतात. तेवढ्यात वरच्या खिडकीत एक बाई उघडीच येऊन उभी राहिली, आणि तिघांचाही नेम चुकला. खरं-खोटं देव जाणे. पण यायचं ते दुपारी. ऊन फरशीवरून परतून वर जातं, तेव्हाच तिसरा दिसतो."

चाळीस वर्षं त्यांनी नगरपालिकेच्या रस्त्यावरचे दिवे सांभाळले होते. बहुतेक सगळं शहर त्यांनी शिडीवरून पाहिलं होतं. वाटेत ते एकेका कमानीपाशी थांबत, खांबाला हात लावत, आणि नीवेसला वाटे, या माणसाला इथून उचलणं म्हणजे झाडाला कुंडीत घालणं.

मोठ्या चौकालगतच्या कमानीखाली त्यांनी तिला एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "कान दे. मी समोरच्या कोपऱ्यातून बोलतो. मधून माणसं गेली तरी चालेल."

ती उभी राहिली. दगडातून आवाज आला, अगदी कानाशी. पण तो तिच्याशी बोलत नव्हता.

"बाराशे छप्पन. पाच हजार आठशे पंचावन्न माणसं. सगळ्यांची नावं लिहिलेली आहेत. बाराशे छप्पन. पाच हजार आठशे..."

ती वळली. ओरेस्ते कपाळ भिंतीला टेकवून पुटपुटत होते. ती जवळ गेली.

"कोणती माणसं, बाबा?"

ते दचकले. कानापर्यंत लाल झाले. "काही नाही. सवय."

"आणि रोज सकाळी कुठे जाता?"

"असतात कामं. इवानोला सांगत बसू नकोस, तो हसेल."

शहराच्या मधोमध शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन जुन्या मनोऱ्यांपाशी पोचले तेव्हा चार वाजत होते. उंच मनोरा किंचित कलून उभा होता. "चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या," ओरेस्ते मान वर करून म्हणाले. "वरून सगळी लाल छपरं दिसतात. तू चढ. वाऱ्याकडे पाठ करून उभी राहा."

"चला ना बरोबर."

"मी खालीच बरा."

"शिडीवर जन्म गेला तुमचा!"

"आज नाही." त्यांनी तिचा हात सोडवून घेतला. दारातून आत पाऊलसुद्धा टाकायला ते तयार नव्हते. ते घाबरलेत हे तिला स्पष्ट दिसलं.

तिकिटाच्या रांगेत तिनं फोन लावला. "इवानो, आश्रमवाल्यांना हो सांग."

"नक्की?"

"तुझे वडील उंचीला घाबरतायत. *तुझे वडील*, इवानो."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तिकीटखिडकीत विशीतली मुलगी जाड पुस्तकात 'सन बाराशे छप्पन: गुलामांची मुक्तता' या मथळ्याखाली पेन्सिलीनं खुणा करत होती. नीवेसच्या खांद्यावरून तिनं बाहेर पाहिलं आणि ओरेस्तेंना हात केला.

"त्यांना वर यायचा आग्रह नाही ना केलात?"

"केला. आले नाहीत. का?"

"नशीब! इथल्या विद्यापीठात पदवी हातात पडल्याशिवाय हा मनोरा कुणी चढत नाही, चढला की नापास," तिकीट फाडत मुलगी म्हणाली. "मीसुद्धा दोन वर्षं खालीच बसलेय. आणि आमच्या इतिहासाच्या वर्गातल्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्याची गुरुवारी शेवटची तोंडी परीक्षा आहे."