गोल टेबलाभोवती सहाजण

सहाजण गोल टेबलाभोवती बसलेत, डॉक्टरच्या समोर वकील नाही, तर शिक्षकाच्या डावीकडे कोण?

आतल्या खोलीतून प्रश्न आला आणि ओसरीवर गुरुमूर्तिरावांचा पान पुसणारा हात थांबला. प्रश्नामागून पंख्याची घरघर आली. मग हळू आवाजात उत्तर आणि पाठोपाठ टेबलावर खुशीची टिचकी.

बरोबर आलं. गुरुमूर्तिरावांनी पानाला चुना लावला नि ते मिशीतल्या मिशीत हसले.

शेजारचा नटराज पायरीवर पेपर वाचत बसला होता. त्यानं तमिळमध्ये विचारलं, आज किती गणितं सुटली म्हणून. आतला प्रश्न इंग्रजीतून येई, तेवढा त्याला कळे. पुढची सगळी उकल मराठीत चाले; तिथं त्याचं गाडं अडायचं. पण म्हणून बोलायचं थोडंच थांबतं? पानाला चुना किती लावायचा हे ठरवायला तुमच्या नातवाला, अरुणकुमारला, अर्धा तास लागतो, तो म्हणे मॅनेजमेंटच्या परीक्षेला बसणार, असं नटराज रोज एकदा तरी म्हणून घेई.

"बसेल की," गुरुमूर्तिराव म्हणत, "बसणाऱ्याला कोण अडवणार?"

सरावाचं अरुणनंच आजोबांना सांगितलं होतं. मोठी परीक्षा आहे, आई प्रश्न वाचून दाखवेल, म्हणाला. वाणीला ते जमण्यासारखंही होतं. या घरात सून म्हणून आल्यावर, पोर मांडीवर घेऊन तिनं पत्राद्वारे पदवी काढली होती. नवरा, रविशंकर, गेल्यापासून पितळी समयांचं दुकानही तीच पाहायची. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की ते घासाघीस करणार की समई घेऊन जाणार, हे तिला चपला काढायच्या आत कळे.

अरुणचं बोलणं गुरुमूर्तिरावांनी पान लावता लावता ऐकून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी खुंटीवरची दुकानाची किल्ली स्वतःच काढली.

"आजपासून दुपारचा मी बसतों दुकानांत. तूं घरीं रहा. अभ्यासाला सोबत लागते."

"पण मामंजी, तुमचे गुडघे—"

"गुडघ्यांना काय समया उचलायच्या आहेत?"

वाणी ताटं उचलायला वाकली. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते तिनं पदराआड ठेवलं.

तेव्हापासून म्हातारा रोज दुपारी दुकानात. नव्या नोकराला समईचं वजन हातानं कसं तोलायचं ते शिकवी. व्यापाऱ्यांना पुन्हा आपला आवाज ऐकवी. सकाळची कॉफीही तो स्वतः करायला शिकला. पहिल्या दिवशी दूध उतू गेलं, दुसऱ्या दिवशी गाळलेलं कडक डिकॉक्शन सांडलं, तिसऱ्या दिवसापासून वाणीनं स्वयंपाकघरात डोकावायचं सोडलं. सुटीच्या दिवशी मात्र दुकान नोकरावर टाकून तो ओसरीवर बसे आणि आतले प्रश्न कानानं वेचत राही.

कान तसा तयारीचा. उभं आयुष्य टाळ धरलेला, हल्ली कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमच्या विठ्ठलापुढं. भजनाच्या गर्दीत डोळे मिटूनही ते सांगत, पद कोण पुढं नेतंय नि कोण नुसतं मागून येतंय. तिथल्या मंडळींनाही त्यांनी सांगून टाकलं होतं, आमच्या घरातून यंदा मोठ्या परीक्षेला बसणार आहेत. सांगताना टाळ जरा जास्तच वाजला. कुणी म्हणालं, नातू नाव काढील. कुणी म्हणालं, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षालाच एवढी झेप. गुरुमूर्तिरावांनी विठ्ठलाकडे पाहून हात जोडले.

एकदा त्यांनी अरुणला ओसरीवर धरलं. "काय रे, त्या शिक्षकाच्या डावीकडे कोण बसलं होतं?"

अरुणनं कान खाजवला. "कोण बरं... विसरलों, आजोबा." तेवढ्यात आतून वाणीनं हाक मारली आणि तो सुटला.

भाषा कळली नाही तरी अरुणचं कान खाजवणं पाहून नटराज हसून हसून पायरीवरून घसरायचा राहिला. मग जरा गंभीर झाला. लागला नंबर तर दोन वर्षं लांबच्या गावी राहायचं, आणि तिकडे गेलेलं माणूस परत कुंभकोणमला येत नाही, म्हणाला. मग उतारवयात तुम्ही आणि तुमच्या समया.

गुरुमूर्तिरावांनी पान तोंडात टाकलं. सावकाश चघळलं.

"समया मला अजून पुसतां येतात," ते म्हणाले. "दिवा लागला की उजेड दूर जातोच. तो काय समईच्या पायाशी बसवून ठेवायचा?"

परीक्षेचा रविवार उजाडला. तिरुच्चीची पहिली बस धरायची होती. या घरची रीत होती: परीक्षेला निघणाऱ्याच्या उजव्या हातावर वडीलधाऱ्यानं दहीसाखर घालायची. निघणाऱ्याच्याच, पोहोचवायला जाणाऱ्याच्या नाही. बारावीला अरुणच्या हातावर तीच पडली होती. रात्री विरजण गुरुमूर्तिरावांनी स्वतः लावलं होतं.

अरुण इस्त्रीचा सदरा घालून आला. मागं वाणी, दुकानात जायच्या नेहमीच्या साडीत. अरुणला बस लागते, म्हणून सोबत जाऊन येते, ती म्हणाली. बोलताना तिची बोटं पदराचं टोक पिळत होती.

देवापुढची समई लावली होती. अरुणनं आजोबांना वाकून नमस्कार केला आणि उजवा तळहात पसरला.

गुरुमूर्तिरावांनी त्या हातावर जेवणाच्या डब्याची पिशवी ठेवली.

"दहीभात आहे. परीक्षा होईतों तूं बाहेर झाडाखालीं बसशील, तेव्हां खा."

मग दह्याची वाटी उचलून ते सुनेकडे वळले.

"वाणी, हात पुढं कर."