आठवी बाटली

गल्लीतल्या आठ घरांचं पाणी तपासायचं काम प्लंबरनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. रविवारी बाटल्या भरायच्या, औषध टाकायचं, खिडकीत ठेवायच्या. सोमवारी जी काळी पडेल, तिचं पाणी वाईट.

एका सोमवारी एकच बाटली काळी पडली, नेमकी त्याच्याच घरची. प्लंबरच्याच घरचं पाणी नासकं म्हटल्यावर गल्ली वर्षभर हसली असती. त्यानं बाटली गुपचूप मोरीत ओतली आणि गल्लीच्या फळ्यावर आठही घरांपुढे ‘चांगलं’ लिहून टाकलं. पाइप काय, सवडीनं बदलू.

“आपलं कसं आलं हो?” बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“काचेसारखं. पी बिनघोर.”

ती प्यायली. पंधरा दिवसांत तापानं गेली. पाइप मग बदलला.

आज शेजारीण म्हणाली, “काका, पाइप नवा, माणूस एकटा, तरी दर आठवड्याला आपलं तपासताच?”

“विचारणारं आहे ना घरात.”

बाटली नितळ होती. ती घेऊन तो आत आला.

“आपलं कसं आलं हो?”

“काचेसारखं,” तो रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाला.

“तेव्हाही असंच म्हणाला होतात.”